मृत्यूचे छायाचित्र छापायचे की नाही, हे कोण ठरवते आणि कसे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे ते स्पष्ट राहील. एकाच आठवड्यात एका वृत्तपत्राने दूरच्या युद्धात मारल्या गेलेल्या लहान मुलाचे छायाचित्र पहिल्या पानावर, चेहरा दिसेल असे छापले. आणि त्याच वृत्तपत्राने स्वतःच्या देशात पूल कोसळून मृत्युमुखी पडलेल्यांची छायाचित्रे मात्र धूसर करून आतल्या पानावर दिली. यामागे काही नियम असतो की संपादकाच्या मनाला येईल ते होते, आणि खरे कारण शेवटी खप हेच नाही का, असे तुम्ही विचारले आहे. मी २६ वर्षे छायाचित्र विभागात काम करत आले आहे, पहिली ११ वर्षे एका वृत्तसंस्थेत आणि त्यानंतर दैनिकात, आणि असे निर्णय या काळात कितीतरी वेळा घेतले आहेत. त्यांतले काही चुकलेही.

खपाचा मुद्दा आधी बाजूला करते. मृतदेहाचे छायाचित्र पहिल्या पानावर आले की दुसऱ्या दिवशी सकाळी जे फोन येतात ते अंक बंद करा म्हणून सांगणारे असतात, आणि जाहिरात विभागातला कोणीतरी येऊन विचारतो की आपल्या जाहिरातदाराची जागा त्याच पानावर कशी आली. छापील अंकात प्रेताने खप वाढतो ही समजूत मला तरी अनुभवाने पटलेली नाही. पडद्यावरची गोष्ट वेगळी आहे. तिथला क्लिकचा मोह खरा आहे, आणि त्याविषयी पुढे लिहिते.

नियमांचे म्हणाल तर लिखित संहिता बहुतेक ठिकाणी आहेत. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या संहितेत शोकात असलेल्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे कलम आहे. जर्मन प्रेस कौन्सिलची संहिता हिंसा आणि यातनांचे सनसनाटी चित्रण अमान्य ठरवते. अमेरिकेतील व्यावसायिक पत्रकारांच्या संघटनेची संहिता ‘हानी कमीत कमी होऊ द्या’ असे सांगते. या सगळ्या संहिता मी वाचल्या आहेत आणि त्या उपयोगी आहेत, पण रात्री साडेनऊ वाजता पान सोडायचे असताना समोरच्या चाळीस छायाचित्रांपैकी कोणते घ्यायचे हे त्यांतली एकही सांगत नाही. त्या काय विसरू नये ते सांगतात, आणि उरलेले ठरवणे आमच्याकडे सोपवतात.

म्हणून ‘दाखवायचे की नाही’ हा प्रश्न त्या रूपात माझ्यापुढे क्वचितच येतो. प्रत्यक्षात प्रश्न असे येतात: या घटनेचे कोणते छायाचित्र, किती मोठे, कोणत्या पानावर, कोणत्या ओळीसह, आज की उद्या, आणि छापील अंकात दिले तरी संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर द्यायचे का. या प्रत्येकाचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून असते. तरीही त्यांचा एक क्रम मी वर्षानुवर्षे पाळत आले आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर बहुधा त्या क्रमातच आहे.

पहिला प्रश्न कंटाळवाणा आहे: हे छायाचित्र खरेच या घटनेचे आहे का? मोठी दुर्घटना किंवा हत्याकांड घडले की पहिल्या तासाभरात फिरणारी बरीचशी चित्रे जुनी किंवा दुसरीकडची निघतात. मे २०१२ मध्ये सीरियातील हौला येथील हत्याकांडाच्या बातमीसोबत बीबीसीच्या संकेतस्थळावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या अवशेषांच्या रांगांवरून उडी मारणाऱ्या मुलाचे छायाचित्र लागले. ते इटालियन छायाचित्रकार मार्को दी लाउरो यांनी २००३ मध्ये इराकमध्ये काढलेले होते. ते उतरवले गेले, पण अशा एका चुकीने त्या दिवशीच्या खऱ्या मृतांवरही संशय घेण्याची सोय नाकारणाऱ्यांना मिळते. आता संगणकाने बनवलेली चित्रे आल्यापासून ही तपासणी आणखी वेळखाऊ झाली आहे, आणि आमच्याकडे वेळ मात्र तेवढाच आहे.

दुसरा प्रश्न असा की हे छायाचित्र जे सांगते ते शब्दांनी सांगता येईल का. येत असेल, तर मृतदेह दाखवण्याचे कारण तिथेच निम्मे संपते. बस दरीत कोसळली आणि अमुक इतके लोक गेले, या वाक्यावर कोणी अविश्वास दाखवत नाही. उलटलेली बस आणि रिकाम्या चपला पुरेशा असतात. पण जिथे घटना घडलीच नाही असे कोणी ठामपणे म्हणत असेल, तिथे छायाचित्र पुरावा होते. ६ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधील इरपिन येथे पळून जाणाऱ्या नागरिकांच्या रस्त्यावर तोफगोळा पडला आणि एक आई, तिची दोन मुले आणि त्यांना मदत करणारा एक स्वयंसेवक मारले गेले. लिन्सी अदारिओ यांनी ते छायाचित्र काढले, आणि न्यूयॉर्क टाइम्सने ते दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापले. नागरिकांवर हल्ले होत नाहीत असे रशियाकडून सांगितले जात असताना प्रवासी बॅगांसह रस्त्यावर पडलेले ते चौघेजण दाखवणे मला योग्य वाटले, आणि आजही वाटते.

इथे एक सावधगिरी हवी. पुराव्याची भाषा सरकारेही वापरतात, आणि त्यांच्या सोयीने वापरतात. जुलै २००३ मध्ये सद्दाम हुसेनचे दोन्ही मुलगे मारले गेल्यावर अमेरिकी सैन्याने त्यांच्या मृतदेहांची छायाचित्रे स्वतःहून प्रसिद्ध केली, कारण इराकी जनतेचा विश्वास बसायला हवा होता. मे २०११ मध्ये ओसामा बिन लादेनच्या मृतदेहाची छायाचित्रे मात्र प्रसिद्ध न करण्याचा निर्णय राष्ट्राध्यक्ष ओबामांनी घेतला. दोन्ही निर्णयांची कारणे देता येतात. पण एखादे छायाचित्र अधिकाऱ्याने हातात ठेवले की मी आधी हे विचारते की ते आज का दिले जात आहे, आणि काल मागितलेले का दिले गेले नाही.

तिसरा प्रश्न मृताच्या घरच्यांचा, आणि तो मी एका चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रेल्वे अपघातानंतर आम्ही एक छायाचित्र संकेतस्थळावर लावले. त्यात एक मृतदेह अर्धवट चादरीखाली होता. चेहरा दिसत नव्हता म्हणून मी निर्धास्त होते. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. चादरीबाहेर राहिलेली बाही आणि मनगटावरचे घड्याळ पाहून त्यांनी आपल्या भावाला ओळखले होते, पोलिसांचा निरोप येण्याच्या दोन तास आधी. ते ओरडले नाहीत. ते छायाचित्र आता काढता येईल का, आईने ते अजून पाहिलेले नाही, एवढेच ते म्हणाले. आम्ही ते लगेच काढले, पण तोवर इतरांनी ते उचलले होते. चेहरा झाकला की ओळख झाकली, हा आमच्या व्यवसायातला मोठा गैरसमज आहे. माणसे आपल्या माणसाला शर्टावरून, बुटांवरून, केसांच्या भांगावरून ओळखतात. तेव्हापासून नातेवाइकांना कळवले गेल्याची खात्री होईपर्यंत कपडे किंवा वस्तू ओळखू येतील असे मृतदेहाचे छायाचित्र मी सोडत नाही, मग बाकीच्यांनी ते लावलेले असो. आम्ही मागे राहिलो म्हणून रात्रपाळीचे सहकारी चिडतात, आणि त्यांचे चिडणे मला समजते.

इरपिनच्या त्या कुटुंबातील वडिलांनाही आपली बायको आणि मुले गेल्याचे समाजमाध्यमांवरच्या छायाचित्रांवरूनच कळले. नंतर वार्ताहराशी बोलताना, हे मृत्यू नोंदले गेले हे महत्त्वाचे आहे, अशा अर्थाचे ते बोलले. म्हणजे एकाच घटनेत माझा तिसरा नियम मोडला गेला आणि दुसरा खरा ठरला. असे होते, आणि कोणता नियम कोणावर मात करील हे आधी सांगता येत नाही.

कुटुंबाची इच्छा कधीकधी उलट दिशेनेही असते. १९५५ साली अमेरिकेतील मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली, तेव्हा त्याची आई मॅमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला आणि छायाचित्रकारांना आत येऊ दिले. कृष्णवर्णीयांसाठी निघणाऱ्या ‘जेट’ या साप्ताहिकाने त्या विद्रूप झालेल्या चेहऱ्याचे छायाचित्र छापले. गोऱ्यांच्या मोठ्या वृत्तपत्रांनी ते छापले नाही. अभिरुचीच्या नावाखाली तेव्हा ज्यांनी नकार दिला, त्यांनी प्रत्यक्षात कोणाला सांभाळले, हा प्रश्न मी नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला विचारते. शोकाकुल माणूस स्वतः ‘पाहा’ म्हणत असेल, तर त्याच्या प्रतिष्ठेची काळजी आपणच अधिक करतो असे समजणे उद्धटपणाचे आहे. मात्र संमती देणारा माणूस धक्क्यात आहे का, उद्या त्याचे मत बदलेल का, याचाही विचार करावा लागतो, आणि शक्य असेल तिथे मी एक रात्र थांबते.

आता ज्या मुद्द्यासाठी तुम्ही मुळात लिहिले असावे असे मला वाटते, त्याकडे येते: आपले मृत आणि परक्यांचे मृत. तुमचे निरीक्षण बरोबर आहे, आणि ते एका वृत्तपत्रापुरते नाही. अमेरिकी सेन्सॉरने दुसऱ्या महायुद्धात स्वतःच्या मृत सैनिकांची छायाचित्रे बराच काळ रोखून धरली होती. न्यू गिनीतील बुना येथील समुद्रकिनाऱ्यावर पडलेल्या तीन सैनिकांचे जॉर्ज स्ट्रॉक यांनी काढलेले छायाचित्र ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकात छापून आले ते २० सप्टेंबर १९४३च्या अंकात, आणि त्यासाठी परवानगीचा विषय थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेला होता. त्या तिघांचे चेहरे दिसत नाहीत. पुढे १९९१ पासून अमेरिकेतील डोव्हर हवाई तळावर येणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांची छायाचित्रे काढण्यावरही बंदी आली, आणि कुटुंबाची संमती असेल तर परवानगी, असा बदल झाला तो २००९ मध्ये. झाकलेल्या पेटीलाही जिथे इतके जपले गेले, तिथल्याच वृत्तपत्रांनी आफ्रिका आणि आशियातील उघडी प्रेते वर्षानुवर्षे छापली.

याचा जाब कधीतरी विचारला जाणारच होता. जानेवारी २०१९ मध्ये नैरोबीतील एका हॉटेलच्या आवारात दहशतवादी हल्ला झाला, आणि न्यूयॉर्क टाइम्सने टेबलांवर कोसळलेल्या मृतांचे एका वृत्तसंस्थेचे छायाचित्र बातमीसोबत लावले. केनियातील वाचकांचा संताप उसळला. तेथील माध्यम परिषदेने ते छायाचित्र काढण्याची मागणी केली. न्यूयॉर्कमध्ये असे घडले असते तर तुम्ही हे छापले असते का, हा त्यांचा प्रश्न साधा होता. जगभर एकाच निकषाने निर्णय घेतो असे उत्तर त्या वृत्तपत्राने दिले, आणि ते मनापासून दिलेले असेलही. पण ११ सप्टेंबर २००१ची आठवण असणाऱ्याला ते पटणे अवघड होते. त्या दिवशी मनोऱ्यातून खाली पडणाऱ्या माणसाचे रिचर्ड ड्रू यांनी टिपलेले छायाचित्र १२ तारखेला न्यूयॉर्क टाइम्ससह अनेक अमेरिकी वृत्तपत्रांत आले, वाचकांनी तीव्र नापसंती दाखवली, आणि त्यानंतर बराच काळ ते जणू नाहीसेच झाले. त्यात रक्त नाही, जखम नाही, मृत्यूही अजून झालेला नाही. तरी ते असह्य झाले, कारण तो माणूस ‘आपला’ होता.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी, कारण परक्याचा मृतदेह नेहमी दाखवलाच जातो असेही नाही. आखाती युद्धाच्या अखेरीस, १९९१ मध्ये, केनेथ जारेकी यांनी गाडीतच जळून गेलेल्या इराकी सैनिकाचे छायाचित्र काढले. अमेरिकेत वृत्तसंस्थेच्या कार्यालयाने ते ग्राहक वृत्तपत्रांपर्यंत पोहोचू दिले नाही. ब्रिटनमध्ये ‘ऑब्झर्व्हर’ने ते छापले. स्वच्छ, अचूक, जणू माणसे न मारता जिंकलेले युद्ध अशी जी प्रतिमा तेव्हा तयार होत होती, तिला तो एक चेहरा धक्का देत होता. म्हणजे परक्यांची प्रेते दाखवली जातात ती त्यांना आपण मारलेले नसते तेव्हा, आणि आपण मारलेले असले की अचानक अभिरुची आठवते. कडवट वाटेल, पण या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर मला हेच दिसले आहे.

यावर मी वापरते तो उपाय ओबडधोबड आहे. समोरच्या छायाचित्रातील मृताच्या जागी मी आमच्याच शहरातील, आमचाच अंक घेणारा माणूस ठेवून पाहते, आणि आसपासच्या पाट्या, गणवेश, कपडे मनातल्या मनात बदलते. मग ते छापायला हात धजावत नसेल, तर दूरच्या माणसाचेही छापायचे नाही. आणि तरीही छापावे असे वाटत असेल, तर उद्या आपल्या गावात तसे घडल्यावर मागे हटायचे नाही. ही अदलाबदल करताना मला स्वतःची अनेकदा लाज वाटली आहे. दूरच्या भूकंपाची जी छायाचित्रे मी पाच मिनिटांत निवडली होती, ती जवळची मानून पाहिल्यावर अर्धी गळून पडली.

चौथी गोष्ट चौकटीची. एकाच घटनेची दोन छायाचित्रे अगदी वेगळे काम करतात. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानातील बोद्रुमच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या सीरियन बालकाची छायाचित्रे निलुफर देमिर यांनी काढली. एकात ते मूल एकटे, पालथे, लाटांच्या कडेला आहे. दुसऱ्यात एक सुरक्षा कर्मचारी त्याला उचलून नेत आहे. अनेक संपादकांनी दुसरे निवडले. मीही तेच निवडले होते, कारण त्यात कोणीतरी त्या मुलाची काळजी घेत होते. आमचे वृत्तसंपादक तेव्हा म्हणाले की पहिल्यात एकटेपणा आहे आणि तीच बातमी आहे. काळजी घेणारा माणूस वाचकाला सुटकेचा श्वास देतो. मी अजूनही माझ्या निवडीवर ठाम आहे, पण त्यांचा युक्तिवाद मला खोडता आलेला नाही. भोपाळच्या वायुगळतीनंतर, डिसेंबर १९८४ मध्ये, पुरल्या जाणाऱ्या अनामिक बालकाचे छायाचित्र रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही काढले. त्यात चेहरा पूर्ण उघडा आहे, डोळेही. तरी ते मला कधीच ओंगळ वाटले नाही, कारण एक हात त्या चेहऱ्याजवळ आहे आणि तो हात सारे काही सांगतो.

छायाचित्रात फेरफार करण्याबाबत मात्र माझे मत पक्के आहे. ११ मार्च २००४च्या माद्रिद रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर पाब्लो तोरेस गेरेरो यांचे एक छायाचित्र जगभर गेले, ज्यात पुढच्या बाजूला रुळांशेजारी तुटलेला अवयव दिसत होता. काही ब्रिटिश वृत्तपत्रांनी तो संगणकावर पुसून टाकला, ‘गार्डियन’ने त्याचा रंग करडा केला, तर इतर काहींनी चौकट कापली. चौकट कापणे ही निवड आहे, आणि ती छायाचित्रकारही कॅमेरा रोखताना करतच असतो. चौकटीतली वस्तू पुसणे म्हणजे वाचकाला न घडलेले दृश्य घडले म्हणून दाखवणे. तुम्ही उल्लेख केलेला धूसरपणा या दोहोंच्या मध्ये येतो: तो निदान उघड असतो, काहीतरी झाकले आहे हे कळते. पण धूसर ठिपका नजर अधिकच खेचून घेतो आणि कल्पनेला मोकळे रान देतो. मृतदेह धूसर करण्याची वेळ आली, तर बहुधा छायाचित्रच चुकीचे निवडले आहे असे मी समजते आणि दुसरे शोधते.

आता पडद्याबद्दल. छापील पान उघडणे ही वाचकाची कृती असते आणि तो ते घरातल्या मुलापासून दूर ठेवू शकतो. दूरचित्रवाणीने यासाठी वेळेच्या सीमा आखल्या, जशी ब्रिटनमध्ये रात्री नऊची सीमा आहे. फोनवर अशी सीमाच नाही: छायाचित्र वाचकाने काही मागण्याआधी समोर येते, आणि चलचित्र आपोआप सुरू होते. २६ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनियात दोन दूरचित्रवाणी पत्रकारांना थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या, आणि मारेकऱ्याने स्वतः चित्रित केलेले दृश्य अनेकांना निव्वळ पडदा सरकवताना दिसले. म्हणून आम्ही मृत्यूचे छायाचित्र बातमीच्या आत, सूचनेच्या मागे ठेवतो, आणि मुखपृष्ठावर किंवा बातमीचा दुवा पुढे पाठवल्यावर दिसणाऱ्या लहान चित्रात ते कधीच जाऊ देत नाही. क्लिकचा जो मोह म्हटला तो नेमका या लहान चित्रातच असतो. सूचनेने धक्का कमी होतो असे मी म्हणणार नाही. पण पाहायचे की नाही हा निर्णय त्यामुळे वाचकाच्या हाती राहतो.

पुनरावृत्ती हा याच्याच शेजारचा दोष आहे. एकदा दाखवलेले दृश्य माहिती देते, तेच दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यात फिरत राहिले की ते सजावट बनते. २०१३च्या बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पुढच्या आठवड्यात रोज सहा तासांहून अधिक वेळ त्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र तणावाची लक्षणे प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त होती. आमच्या विभागातही हे जाणवते. वाचक एक छायाचित्र पाहतो तेव्हा उरलेली एकोणचाळीस कोणीतरी पाहिलेली असतात, आणि म्हणून आम्ही ती आधी लहान आकारात, कृष्णधवल करून पाहतो आणि चलचित्राचा आवाज बंद ठेवतो. आवाज अधिक काळ पाठ सोडत नाही, हे यात काम केलेले कोणीही सांगेल.

दोन प्रसंगी मात्र मी क्रमाने प्रश्न विचारत बसत नाही. आत्महत्येच्या घटनेत मृतदेह, जागा किंवा पद्धत सूचित करणारे छायाचित्र द्यायचे नाही. अनुकरणाचा धोका खरा आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. दुसरा प्रसंग म्हणजे मारेकऱ्यानेच प्रसिद्धीसाठी तयार केलेले दृश्य. २०१४ मध्ये ओलिसांच्या हत्येची चलचित्रे येऊ लागली, तेव्हा एएफपी या वृत्तसंस्थेने ती न वापरण्याचे धोरण जाहीर केले आणि ओलिसांची आधीची, मोकळेपणी जगतानाची छायाचित्रे देण्याचा प्रयत्न केला. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या मशिदींवरील हल्ल्याचे थेट प्रक्षेपण फेसबुकच्या म्हणण्यानुसार दोनशेहून कमी लोकांनी प्रत्यक्ष त्या वेळी पाहिले होते. पहिल्या २४ तासांत कंपनीला त्याच्या सुमारे १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. तिथे कॅमेरा हाच हत्याराचा भाग होता, आणि त्यातली एक चौकट छापणेही त्याचे काम पुढे नेणे ठरले असते.

अशा छायाचित्रांनी काही बदलते का, हे तुम्ही विचारले नाही, पण बहुतेक जण विचारतात. बदलते, थोडे, थोडा काळ. बोद्रुमच्या त्या छायाचित्रानंतर स्वीडिश रेड क्रॉसच्या सीरियन निर्वासितांसाठीच्या निधीत देणग्या अनेक पटींनी वाढल्या आणि सुमारे सहा आठवड्यांत पुन्हा खाली आल्या. परिणामाच्या आशेवर मी निर्णय घेत नाही. तो आपल्या हातात नसतो, आणि ‘जग हादरले पाहिजे’ या ईर्ष्येने निवडलेली छायाचित्रे सहसा वाईट असतात.

तुमच्या त्या दोन छायाचित्रांकडे परत येते. मी ती पाहिलेली नाहीत, त्यामुळे जे लिहिते ते तुम्ही केलेल्या वर्णनावरून. पूल-दुर्घटनेतील मृतदेह पहिल्या पानावर न देणे मला बरोबर वाटते: मृत्यू कोणी नाकारत नव्हते, नातेवाईक अजून रुग्णालयांत शोध घेत असणार, आणि जे सांगायचे होते ते तुटलेल्या पुलाने सांगितले असते. चूक असलीच तर धूसर करून देण्यात आहे; द्यायलाच नको होते. युद्धातील मुलाचे छायाचित्र, त्याचा मृत्यू नाकारला जात असेल तर, छापण्याजोगे होते, पण उघडा चेहरा पहिल्या पानावर आणण्याआधी त्या संपादकांनी मुलाच्या घरच्यांपैकी कोणाशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला होता का, हे मला विचारायचे आहे. तुम्ही वृत्तपत्राला पत्र लिहिणार असाल, तर ‘असे छापू नका’ एवढेच लिहू नका. हाच प्रश्न लिहा. पहिल्या प्रकारच्या पत्रांना आमच्याकडे ठरावीक उत्तर जाते. दुसऱ्या प्रकारचे पत्र आले की ज्याने पान सोडले त्याला बोलावून विचारावे लागते, आणि ते विचारणे मी टाळू शकत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी बाहेर फारशी माहीत नसते. छापलेले छायाचित्र दुसऱ्या दिवशी संपत नाही; ते संग्रहात जाते, आणि वर्षश्राद्धासारखे दरवर्षी त्या तारखेला कोणीतरी ते नव्याने उचलते, तेही मूळ निर्णयाची कारणे माहीत नसताना. ज्या पुराव्याची तेव्हा गरज होती ती आता उरलेली नसते, आणि मृताची भावंडे मोठी झालेली असतात. म्हणून रेल्वे अपघातातल्या त्या बाही आणि घड्याळाच्या छायाचित्रापासून सुरू करून आम्ही अशा प्रत्येक छायाचित्राच्या नोंदीत एक ओळ जोडतो: ‘पुन्हा वापरण्याआधी छायाचित्र विभागाला विचारा’. त्या विशिष्ट छायाचित्राबद्दल आजवर तीनदा विचारणा झाली आहे, आणि तिन्ही वेळा मी नाही म्हटले आहे.